नवख्याला किनाऱ्यावरून फ्लाय फिशिंग शिकवायचं तर पहिला दिवस कुठे आणि कसा?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची पुण्याहून आमच्याकडे गुहागर तालुक्यात येतेय. पंधरा वर्षांची आहे, आजवर गळ हातात धरलेला नाही. व्हिडिओ कॉलवर मला फ्लाय टाकताना बघितल्यापासून "मामा, मला हेच शिकव" म्हणून मागे लागली आहे.

माझं मत आधीच सांगतो. पहिल्या दिवशी कातळावर न्यायचं नाही, लाटांत उभं करायचं नाही, लांब टाकायला शिकवायचं नाही. छोट्या खाडीच्या मुखाशी, ओहोटी लागल्यावर, तीस-पस्तीस फुटांच्या आत जे काही मिळेल त्यावर शिकवायचं. घरच्यांचं म्हणणं वेगळं आहे. आधी साध्या गरीला कोळंबी लावून एखादा मासा लागू दे, गोडी लागली की मग तुझं ते दोरीचं प्रकरण.

माझ्याकडे ९ फुटी ८ नंबरची दांडी आहे आणि एक जुनी ६ नंबरची. तुम्ही असता तर पहिला दिवस कसा काढला असता?

सुरूबन

वाचतेय. पण फ्लाय फिशिंग म्हणजे नक्की काय वेगळं? आमच्याकडे मुलं बाटलीला तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळून फेकतात आणि मासे काढतात.

खाडीकाठ

सुरूबन, बाटलीच्या तंगुसाला शिसं बांधलेलं असतं. शिशाचं वजन पुढे जातं आणि तंगूस मागून ओढला जातो. फ्लाय म्हणजे गळावर बांधलेली पिसं आणि केस, वजन जवळपास शून्य. ते फेकलं तर पायाशीच पडेल. म्हणून इथे वजन दोरीत असतं, आणि दांडीचा नंबरही त्या दोरीच्या वजनावरून ठरतो. ८ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट २१० ग्रेन भरतात, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. ६ नंबरचे १६० ग्रेन. दोरी हवेत मागे सरळ होऊ द्यायची, मग पुढे. दोरी गेली की फ्लाय तिच्यामागून जातोच.

रापणकर

मी मालवणचो. आमी ल्हानपणापासून जेटयेर बसान गरवतव. माका ह्या समाजणा नाय की पोरगी पयल्यांदा येतली आणि तिका तू हवेत दोरी फिरवूक शिकवतलंस. तिका दोन तासांत कायतरी गावाक व्हया. गरयेक सुंगट (कोळंबी) लाव, खाडयेत सोड. शेंगटी गावात, काळुंदर गावात. हातात मासो फडफडलो की येड लागता, मगे तुझी ती दांडी घी.

आणि हो, गावलेलो मासो घराक हाडूचो. वयनीक तिकला करूक सांग.

कातळपुळण

रापणकर, तुमचा मुद्दा मासा लवकर लागावा एवढाच असेल तर शंभर टक्के मान्य. पण गरीपासून सुरुवात करायला माझा विरोध आहे आणि त्याला कारण आहे.

आमिषाच्या गरीवर मासा लागला की हात आपोआप दांडी वर उचलतो. ती सवय एकदा अंगात बसली की फ्लायवर नडते. खाऱ्या पाण्यात मासा फ्लाय घेतो तेव्हा दांडी उचलली तर फ्लाय त्याच्या तोंडातून निसटून हवेत येतो. दांडीचं टोक पाण्याकडेच रोखलेलं ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने दोरी खसकन मागे ओढायची. गळ बसला की मगच दांडी उचलायची. अनेक वर्षं गरवलेल्या लोकांना हे शिकवताना घाम फुटतो. कोऱ्या पाटीच्या मुलीला एका सकाळीत जमतं. तिचा कोरेपणा सुंगटावर घालवू नका.

रापणकर

ह्या पटला. झटको वर नाय, मागे. पण गावाक व्हया ह्या खरा.

आगरवाडी

आमच्या रायगडच्या बाजूला पाणी बहुतेक वेळा गढूळ असतं, त्यामुळे खाडीकाठ यांनी सांगितलेली मुखाची जागा इथे जास्तच लागू पडते. ओहोटीला खाजणातलं पाणी बारक्या व्हाळांतून (ओहळांतून) बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोयटांची पिल्लं वाहून येतात. व्हाळ जिथे मोठ्या पाण्याला मिळतो तिथे जिताडा आणि तांबोशी तोंड वर करून टपलेले असतात. नवख्याला हे डोळ्यांनी दिसतं. पुळणीवर उभं राहून समोरच्या अख्ख्या समुद्रात कुठे टाकायचं हे मुरलेल्यालाही लवकर उमगत नाही.

जिताडा लागलाच तर गालफडावरच्या पातीपासून तिला लांब ठेवा. ती पात्यासारखी धारदार असते, बोट सरळ चिरतं. आणि मोठा असेल तर सोडून द्या. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि वाढला की मादी होतो. मोठे मासे म्हणजे अंडी घालणाऱ्या माद्या. आमच्याकडे लग्नाच्या मोसमात जिताड्याला केवढी मागणी असते ते सांगायला नकोच, त्यात आपण भर घालू नये.

तिथीवाला

सगळे जागेबद्दल बोलताहेत, दिवसाबद्दल कुणीच नाही. आजोबांचा हिशोब सांगतो, कोकणात बहुतेकांना ठाऊक असेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पक्ष कुठलाही असो. रत्नागिरी पट्ट्यात अंदाजाला चांगला चालतो, नेमकी वेळ मात्र भरतीच्या तक्त्यातच बघायची.

आता नवख्याला काय हवं? उजाडताना ओहोटी लागलेली हवी. पाण्याला फार ओढ नको. आणि वारा समोरून नको. षष्ठीला भरती साडेचारला, सप्तमीला सव्वापाचला, अष्टमीला सहाला. म्हणजे तिन्ही दिवशी उजाडताना पाणी उतरायला लागलेलं असतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, असल्यामुळे उधाणासारखी ओढ नसते, घोट्याएवढ्या पाण्यात ती निर्धास्त उभी राहील. शिवाय सकाळी मतलई वारा जमिनीकडून हलका वाहत असतो. दहा-अकरानंतर खारे वारे सुरू झाले की नवख्याची दोरी तोंडावर येते आणि मूल वैतागतं.

म्हणून भाऊबीजेला नेऊ नका. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे सकाळी पाणी तळाला. चार-पाच दिवस थांबा. कार्तिक शुद्ध षष्ठी, सप्तमी किंवा अष्टमी.

खाडीकाठ

तिथीवाला, हे सोनं आहे. आम्ही भाऊबीजेच्या सकाळीच जायचं ठरवून बसलो होतो. आता बदलतो.

दर्याची_लेक

मुलगी आहे म्हणून काही गोष्टी मी सांगते, कारण त्या पुरुषांना सुचत नाहीत.

जेटीवर नेऊ नका. पंधरा वर्षांची मुलगी तिथे वेगळंच काहीतरी करतेय म्हटल्यावर दहा जण भोवती जमतात, पाच जण सूचना देतात, दोघे फोन काढतात. तिला पहिल्या दिवशी चुका करायला एकांत मिळाला पाहिजे. खाडीच्या ज्या काठावर सकाळी वर्दळ नसते तो काठ निवडा, आणि परसाकडची सोय जवळच्या कुणाच्या घरी आधीच विचारून ठेवा. मुली हे मागत नाहीत, नुसत्या "चल ना घरी" म्हणतात आणि आपल्याला वाटतं कंटाळली.

लांब बाह्यांचा सुती सदरा, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा. चष्मा उन्हासाठी नाही, गळासाठी. पायात बांधलेले बूट, चप्पल नको, कालवांनी तळपाय कापतात. पाण्यात चालताना पाय उचलून टाकायचा नाही, घासत पुढे सरकवायचा. वाळूत पाकट (नांगीचा चपटा मासा) बसलेलं असलं तर पाय लागून ते निघून जातं, त्याच्यावर पाय पडला तर नांगी मारतं. नांगी लागलीच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे न्या. शिंगाळ्याच्या काट्यालाही हेच. तो गळाला आला तर तिला हात लावू देऊ नका, पकडीने तुम्हीच काढा.

शीड_आणि_वल्हं

मामा शिकवणार म्हणजे पहिला मासा मामाच! भाचीचा गळ मामाच्या कानात नाही बसला तर मला सांगा :)

कातळपुळण

शीड, हसण्यावारी नेऊ नका, हे खरंच घडतं. पहिल्या दिवशी प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मग मामाच्या कानातून काय आणि माशाच्या तोंडातून काय, गळ आला तसा मागे सरकतो. दोरी ताणलेली ठेवली की मासा त्यामुळे सुटत नाही. आणि शिकवणाऱ्याने तिच्या दोरीच्या बाजूला उभं राहायचंच नाही, दुसऱ्या खांद्याच्या मागे राहायचं.

पाण्यावर जाण्याआधी निदान दोन संध्याकाळी गवताच्या मैदानावर घालवा, गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधून. भातकापणी झालेल्या मळ्यात नको, धसकटांत दोरी अडकते. वाळूवरही नको, दोरीचं आवरण खरवडतं. एकच गोष्ट शिकवा: दांडी मागे नेली की थांब. मान वळवून बघ, दोरी मागे सरळ झाली का? झाली की पुढे. घाई केली तर चाबकासारखा आवाज येतो आणि टोकाचा फ्लाय तुटून जातो. टाकताना मोकळ्या हाताने दोनदा दोरी ओढून लांब टाकायचं तंत्र पुढच्या वर्षीसाठी ठेवा.

सुरूबन

लोकरीचा तुकडा ही कल्पना फार आवडली. आमच्या मुलालाही शिकवावं म्हणते.

पिसंवाला

फ्लायबद्दल थोडं. विकतचे घेतले तरी हरकत नाही, पण एक तरी तिच्याकडून बांधून घ्या. क्लाऊझर मिनो हा नमुना सगळ्यात सोपा. अमेरिकेतल्या बॉब क्लाऊझर यांनी १९८०च्या दशकात काढला आणि आज जगभर खाऱ्या पाण्यात चालतो. गळाच्या दांड्यावर जड डोळे बांधले की फ्लाय पाण्यात उलटा होतो, टोक वर राहतं, त्यामुळे तळाच्या कालवांत आणि फांद्यांत कमी अडकतो. नवख्याला आणखी काय पाहिजे!

सामान गावातच मिळतं. केसांसाठी बोकडाच्या शेपटीचे लांब केस, खाटिक सहज देतो. धुऊन, साबण लावून, सावलीत वाळवायचे. पिसांसाठी गावठी कोंबड्याच्या मानेवरची. डोळ्यांसाठी बेसिनच्या बुचाला असते ती मण्यांची साखळी, दोन-दोन मणी कापून घ्यायचे. धातूच्या भरीव डोळ्यांपेक्षा हलकी असते आणि उथळ व्हाळाला तेच बरं. पांढरा आणि पोपटी, एवढे दोन रंग पुरे. लांबी बोटाच्या दोन पेरांहून जास्त नको, कारण ओहोटीला बाहेर येणारी पिल्लं तेवढीच असतात.

आगरवाडी

गढूळ पाण्यात काळा-जांभळाही चालतो बरं का.

पिसंवाला

चालतो, आगरवाडी. पावसाळी पाण्यात तर काळाच. पण गुहागरला दिवाळीनंतर पाणी निवळायला लागलेलं असेल.

देवबागी

विषय थोडा बाजूला नेतो, पण नवीन माणसाला हे पहिल्या दिवशीच सांगावं असं वाटतं. कुठे टाकायचं यापेक्षा कुठे टाकायचं नाही. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास गळ टाकायचा विचार करणाऱ्यांनी आधी वनखात्याकडे चौकशी करावी. वेळास, आंजर्ले, गुहागर या पुळणींवर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री बॅटऱ्या घेऊन फिरू नये. तुटलेला तंगूस कुठेच टाकून येऊ नये.

आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल त्या पुळणीवर जाऊन दांडी परजू नये. त्यांचं पोट आहे ते. पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारा कुणी व्हाळाशी उभा असेल तर आधी त्याला विचारावं, "दादा, तुमचं झालं की आम्ही येऊ का?" नव्वद टक्के वेळा तोच सांगतो मासा कुठे आहे ते.

रापणकर

देवबागी, शाबास. रापणीच्या दोरयेत कोणाची गरी गावली मगे आमी आयकणव नाय.

नव्याने_आलेलो

जून-जुलैत मासेमारी बंद असते ना? मग फ्लायवाल्यांनाही बंदी का?

देवबागी

१ जून ते ३१ जुलै ही बंदी यांत्रिक नौकांसाठी असते. किनाऱ्यावर उभं राहून गळ टाकणाऱ्याची गोष्ट वेगळी. पण पावसाळ्यात कातळावर जाऊच नये. दर वर्षी माणसं लाटेने ओढली जातात. शेवाळ, उलटलेला वारा आणि समुद्राकडे केलेली पाठ, या तिन्हींनी मिळून घात होतो.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. दांडीचं अजून ठरत नाहीये. ६ की ८? आणि एक सांगायचं राहिलं, ती डावखुरी आहे. त्याने काही फरक पडतो का?

कातळपुळण

पडतो, आणि बराच! आपण सगळे उजव्या हाताच्या हिशोबाने बोलत होतो. नियम असा की वारा ज्या बाजूने येतो ती दोरीची बाजू नसावी, नाहीतर गळ अंगावर येतो. कोकणात पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की दुपारचा वायव्येचा वारा उजवीकडून येतो, म्हणून उजव्या हाताचे लोक पुळणीवर कायम अडचणीत. डावखुऱ्याची दोरी त्याच वाऱ्याने अंगापासून लांब ढकलली जाते.

सकाळच्या खाडीचा हिशोब मांडू. मतलई वारा पूर्वेकडून. तिने दक्षिण तीरावर उभं राहून उत्तरेकडे तोंड केलं तर वारा उजवीकडून येईल, दोरी डावीकडे. अगदी हवं तसं. तुम्ही तिच्या उजव्या खांद्यामागे थांबा. वारा फिरून पश्चिमेकडून आला की तेच उलटं होतं, मग सरळ आवरा.

दांडी ६ नंबर. हलक्या वाऱ्यात छोटा फ्लाय तिला पुरतो आणि पंधरा वर्षांचं मनगट दमत नाही. ८ नंबर तुमच्याकडे असू द्या, जिताडा दिसला तर. आणि रिळाची मूठ फिरवून उजवीकडे घ्या, ब्रेकची दिशाही बदला, नाहीतर मासा पळताना रीळ नुसतं गरगरेल.

तिथीवाला

दक्षिण तीर, सप्तमी, पहाटे सहा. पत्रिका जुळली.

दर्याची_लेक

आणि मासा नाही लागला तरी नऊला घरी. पहिल्या दिवशी "अजून थोडा वेळ" तिने म्हणायला हवं, आपण नाही.

खाडीकाठ

मंडळी, सप्तमीला जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

दोन संध्याकाळी शाळेच्या मैदानावर लोकर टाकली. दुसऱ्या संध्याकाळी तिने मान वळवून दोरी बघायचं सोडलं, कारण दोरी सरळ झाल्याचा हिसका दांडीतून हाताला कळायला लागला होता.

खाडीवर पोचलो तेव्हा पाणी वीतभर उतरलं होतं. व्हाळाच्या मुखातून तांबूस गढूळ पाण्याचा पट्टा बाहेर येत होता आणि स्वच्छ पाण्याला भिडत होता तिथे बोयटांची पिल्लं टपटप उडत होती. आधी एक टोळ मासा फ्लायच्या मागे अगदी पायापर्यंत आला, चोच लावून बघितली आणि वळला. ती ओरडलीच. मग तिने फ्लाय पट्ट्याच्या पलीकडे टाकला, प्रवाहाबरोबर थोडा वाहू दिला आणि दोरी खेचायला लागली. मध्येच दोरी जागच्या जागी थांबली. "मामा, अडकलं." मी म्हटलं, ओढ. तिने उजव्या हाताने खसकन मागे ओढली, दांडी खालीच ठेवून, कातळपुळण, तुम्ही सांगितलं तसंच. आणि मग ते अडकलेलं पळायला लागलं.

तळहाताएवढी तांबोशी होती. अंगावर फिकट उभे पट्टे, डोळ्याखाली बारीक निळी रेघ. तिने हात ओले करून धरली, बघितली, आणि मी काही बोलायच्या आत प्रवाहाकडे तोंड करून सोडून दिली. काटा दाबलेला होता, गळ निघायला क्षणही लागला नाही. त्यानंतर काही लागलं नाही, पण दहा वाजता वारा फिरेपर्यंत ती हलायला तयार नव्हती.

पाग टाकणारे एक काका आले होते. विचारलं तर त्यांनीच पलीकडचा दुसरा व्हाळ दाखवला, उद्या तिथे जाणार.

रापणकर

सोडल्यान? तळहाताएवडी तांबोशी सोडूकच व्हयी होती. पोरीक अक्कल असा. पण सुट्टीत एकदा काळुंदर गरवून तिकला खावक घाल तिका.

पिसंवाला

फ्लाय कुठला होता?

खाडीकाठ

तिनेच बांधलेला, पिसंवाला. बोकडाचे केस, पांढरा आणि पोपटी, साखळीचे मणी. केस थोडे जास्त झाले होते म्हणून जाडजूड दिसत होता, तांबोशीला चालला.

आता पुढचा प्रश्न. सुट्टी संपली की ती पुण्याला जाणार. तिथे काय करावं म्हणजे हात राहील?

कातळपुळण

६ नंबरची दांडी तिच्याबरोबर द्या. आठवड्यातून एकदा गवतावर लोकर, चाळीस फुटांपुढे नाही. जमिनीवर एक परात ठेवायची आणि लोकर परातीत पाडायची. लांबीपेक्षा नेम महत्त्वाचा, व्हाळाच्या मुखाशी तोच लागतो. दोन गाठी पाठ करायला सांगा, एक फ्लाय बांधायची आणि एक तंगुसाला तंगूस जोडायची. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची, नाहीतर तंगूस तापतो आणि तिथेच तुटतो.

दांडी देण्याआधी तुमचं सगळं सामान गोड्या पाण्याने धुतलंत ना? रीळ उघडून धुवा, मीठ आत बसतं.

तिथीवाला

पौर्णिमेनंतर कार्तिक वद्य षष्ठीला हीच वेळ परत येते. शनिवार-रविवारला जुळत असेल तर बोलवून घ्या. नाहीतर नाताळच्या सुट्टीतली तिथी मी इथे टाकून ठेवतो, पाणी तोवर आणखी निवळलेलं असेल.